आतला चेंडू

म्हातारीचा हात पुढे झाला आणि तसाच हवेत राहिला. बफेलोच्या ब्रॉडवे मार्केटातल्या सॉसेजवाल्याच्या रांगेत कॉरिन शिमान्स्की उभी होती आणि तिच्या पुढे, काउंटरला टेकून, डेझ टॉलिव्हर. त्याला बघून निम्मी रांग मोडली होती. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कोणी टोपी पुढे करत होतं. तो सगळ्यांशी बोलत होता, हसत होता, सही करत होता. या शहरात आल्यापासून तो हेच करत आला होता. त्याच्या डाव्या बाजूला हिरवा रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी येऊन उभी राहिली. तिनं हातमोजा काढला, हात पुढे केला, आणि पोलिश लोकांच्या त्या जाड इंग्रजीत म्हणाली, "देव तुझं भलं करो." गोंगाट इतका होता की ते कॉरिनलाच जेमतेम ऐकू आलं. डेझ काउंटरवरची पिशवी उचलून वळला. हात त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. त्यानं तो घेतला नाही, टाळलाही नाही. तो हात तिथे नव्हताच जणू. तो उजवीकडून निघून गेला. म्हातारीनं हातमोजा परत घातला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "मोठा झाला आता." रांगेतले दोघं-तिघं ओशाळल्यासारखे हसले. कॉरिन मात्र त्याच्या मानेकडे बघत होती. माणूस हात टाळतो तेव्हा त्याच्या मानेत ते दिसतं. मान किंचित ताठ होते. डेझची मान अगदी सैल होती.

तिचा नंबर आला तेव्हा आपण काय घ्यायला आलो होतो ते तिला आठवेना. गाडीत बसून तिनं काच पुसली, तरी गाडी चालू करायचं सुचलं नाही. बाहेर नोव्हेंबरचा कोरडा, वाळूसारखा बर्फ उडत होता. ती पायलट्स या बेसबॉल क्लबची जनरल मॅनेजर होती. कुणाला संघात घ्यायचं, कुणाला सोडायचं हे ठरवणं तिचं काम, आणि मोसम संपून करार संपलेले खेळाडू मोकळे झाले की हिवाळाभर तिला दुसरं काही सुचत नसे. यंदा मोकळ्या झालेल्यांत दोन मोठे फटकेबाज होते. एक डेझ, आपलाच, चौतिशीतला. दुसरा अमाउरी बाल्देरा, सान पेद्रोचा डोमिनिकन, सत्ताविशीतला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला, तोंडानं फटकळ. क्लबचे मालक होलिस व्हॅनडरमीर तिला शांतपणे म्हणाले होते, "दोघांपैकी एक, कॉरिन. नाताळच्या आत. आणि खरं सांगायचं तर मला वाटतं यात विचार करण्यासारखं काही नाही." तिलाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. डेझला ठेवायचं. सगळ्या वाटा तिकडेच जात होत्या. आता काचेवर पुन्हा वाफ धरत होती आणि तिला सप्टेंबर आठवत होता. सप्टेंबरात डेझनं उभं राहण्याची पद्धत बदलली होती. आयुष्यभर चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे डावा खांदा करून उभा राहणारा माणूस एकाएकी छाती उघडून, जवळजवळ समोर तोंड करून उभा राहायला लागला, आणि चेंडू मैदानाबाहेर जायला लागले. वर्तमानपत्रांनी त्याला म्हातारपणी सुचलेलं शहाणपण म्हटलं. तिनंही म्हटलं होतं. माणूस मान वळवून का बघतो? एका डोळ्यानं दिसत नसेल तर दुसरा पुढे आणायला. इतकं साधं. तिनं गाडी चालू केली आणि लगेच बंद केली.

पुढचे काही दिवस ती ऑफिसात गेली, बैठकांना बसली, बोलली. पण तिचं मन त्या एका जागी, जिभेनं दुखरा दात चाचपावा तसं, पुन्हा पुन्हा जाऊन येत होतं. एलायस ब्रांट हा तिचा सहायक, आकडेमोडीतला हुशार माणूस, दाढी खाजवत म्हणाला, "मला वाटलं होतं आकडे बाल्देराच्या बाजूनं येतील. वय आहे ना त्याच्याकडे. पण टॉलिव्हरचा सप्टेंबर बघा. तो माणूस उलटा जगतोय, कॉरिन. म्हातारा होतोय आणि बॅट जलद होतेय."

"सप्टेंबर म्हणजे एक महिना," ती म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात ना, पद्धत बदलली म्हणून? मग तो महिना नाही, बदल आहे."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मैदानावर पांढरं आवरण घातलं होतं आणि त्यावर बर्फ होता, त्यामुळे कुठं कापड संपतं आणि कुठं बर्फ सुरू होतो ते कळत नव्हतं. आपण एलायसला आत्ता एक वाक्य सांगितलं तर काय होईल याचा ती विचार करत होती. एकच वाक्य. तो ते मालकांना सांगेल, मालक डॉक्टरांना, डॉक्टरांच्या ऑफिसातलं कोणीतरी कुणा बातमीदाराला. आणि आठवड्याभरात डेझ टॉलिव्हर हे नाव घेऊन कुठल्याही शहराचं दार वाजवलं तरी ते उघडणार नाही. आणि ते वाक्य खोटं असलं तर? एका म्हातारीचा हात, एक सैल मान, एवढ्यावर? पण खोटं नाही हे तिला माहीत होतं. आणि माहीत असणं हेच तिला नको होतं. सॉसेज आणायला आपण दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर! ती स्वतःवरच चिडली. जणू आपण बघितलं नसतं तर त्याला दिसलं असतं.

रविवारी ती चीक्टोवागाला आईकडे जेवायला गेली. तिची आई इरेना ऐंशी ओलांडलेली होती, गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. ताटात सारण भरलेल्या पिरोगी वाढता वाढता तिनं सुरुवात केली. "त्या डेझला सोडलंस तर ईस्टरला माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. सांगून ठेवते."

"आई, अजून काही ठरलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? माझ्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं फुलं पाठवली. तू पाठवलीस?"

"मी तुझ्या उशाशी बसले होते."

"बसायचंच होतं. तू मुलगी आहेस. त्याला काय पडलं होतं?" कांदा परतलेलं लोणी तिनं लेकीच्या ताटात ओतलं, आणि मग, का कोण जाणे, तिला नवरा आठवला. "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, माणूस आपला असला की त्याला सांभाळून घ्यायचं. ऑगीनं नाही सांभाळलं त्यांना?" ती गोष्ट कॉरिनला पाठ होती. बाबा लॅकवॉनाच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. छताजवळच्या टपरीवजा खोलीत बसून खालच्या माणसाच्या हाताच्या खुणा बघत लोखंड उचलायचे आणि ठेवायचे. खालचा माणूस म्हणजे ऑगी. शेवटच्या काळात बाबांना एका बाजूचं नीट दिसेनासं झालं. ऑगीच्या ते लक्षात आलं. तो एक शब्दही बोलला नाही. फक्त रोज सकाळी दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहायला लागला, आणि तिथून खुणा करायला लागला. मग कारखानाच बंद पडला, सगळेच घरी बसले, आणि कुणाला कधी कळलं नाही. आई ही गोष्ट डोळ्यात पाणी आणून सांगायची, आणि लहानपणी कॉरिनलाही ती चर्चमध्ये सांगाव्यात तसल्या गोष्टींतली वाटायची. आज घास तोंडात फिरत होता आणि तिला वर टांगलेलं लोखंड दिसत होतं. त्याच्या खालून डबे घेऊन जाणारी माणसं दिसत होती. त्यांना कोणी विचारलं होतं? "काही झालं नाही," आई म्हणाली, जणू लेकीनं हा प्रश्न मोठ्यानं विचारला होता. "इतक्या दिवसांत कुणाला खरचटलं नाही." कॉरिन म्हणाली, "नशीब." आईनं चमचा खाली ठेवला. "नशीब नाही. ऑगी."

मग एका दुपारी ती डेझच्या घरी गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. गाडी तिकडे वळली एवढंच. तलावावरून आलेल्या वादळानं रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेइतके ढीग केले होते. डेझ घरासमोर बर्फ उडवण्याचं यंत्र ढकलत होता. यंत्राच्या आवाजात त्याला गाडी ऐकू आली नव्हती. ती फाटकातून आत शिरली ती नेमकी त्याच्या डाव्या हाताला. तो तिच्यापासून पाच-सहा पावलांवर होता. इथे उभं राहायचं, हात हलवायचा, आणि बघायचं. परीक्षा. त्याला न कळता, त्याच्या स्वतःच्या अंगणात. तिनं हात वर केलासुद्धा, आणि मग तो स्वतःच्या खिशात घातला. तिला इतकी शरम वाटली की कान गरम झाले. ती ढिगातून, मांडीपर्यंत रुतत, बुटात बर्फ भरून घेत, यंत्राला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि तिथून तिनं हाक मारली. डेझनं यंत्र बंद केलं. तो तिच्याकडे बघून हसला, मग त्याचं लक्ष बर्फात तिनं पाडलेल्या वाटेकडे गेलं. फाटकापासून सरळ साफ केलेली फरशी होती. वाट ती फरशी सोडून अर्धवर्तुळ काढत आली होती. त्याचं हसू हळूहळू गेलं.

"बॉस," तो म्हणाला, "तू फिरून का आलीस?"

तिनं बुटांवरचा बर्फ झटकला.

"आत ये," तो म्हणाला. "बूट ओले झालेत तुझे."

स्वयंपाकघरात त्यानं कॉफी केली. रेनिता, त्याची बायको, कामावर गेली होती. तो कप ठेवताना आधी डाव्या हाताच्या बोटांनी टेबलाची कड चाचपत होता, इतक्या सफाईनं की कोणाला ती सवय वाटावी. कॉरिन बघत होती आणि बघितल्याबद्दल स्वतःला दोष देत होती. "जूनपासून," तो आपण होऊन म्हणाला. "आधी काळे ठिपके दिसायचे. मग डाव्या कडेनं पडदा. करडा. घरातला पडदा कसा, वारा आला की हलतो? हा हलत नाही. टोरांटोला जाऊन दाखवलं, रेनिताच्या माहेरच्या नावावर. म्हणाले, वाढेल किंवा वाढणार नाही. यासाठी दहा वर्षं शिकतात लोक!"

"आपल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा?"

"तक्त्यावरची अक्षरं मला दिसतात की. तक्ता समोर असतो. बाजूचं कोण विचारतं?"

"आणि आतला चेंडू?" तिनं विचारलं. पिचरनं आत टाकलेला, फटकेबाजाच्या अंगावर येणारा चेंडू. उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या तो डाव्या नजरेच्या कडेनं येतो.

"ऐकू येतो," डेझ म्हणाला आणि हसला. ती हसली नाही तेव्हा तो कपाकडे बघू लागला. "थोडा उशिरा दिसतो. पण दिसतो. आजवर तर चुकवलाय."

"तो तुझ्या तोंडावर बसला तर?"

"तोंड माझं आहे, कॉरिन."

बाहेर रस्त्यावरून बर्फ काढणारा मोठा ट्रक खडखडत गेला आणि कपाटातल्या बश्या वाजल्या. ती म्हणाली, "मी तुझ्याशी करार करू शकत नाही." हे वाक्य आपण आधी ठरवलं होतं की आत्ता ठरलं, तिला कळलं नाही. डेझनं मान हलवली, हवामानाचा अंदाज ऐकावा तशी. मग बराच वेळ तो नखानं टेबलावरचा एक डाग खरवडत राहिला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग एक कर. म्हण की तो म्हातारा झाला. म्हण की फार मागतो. भांडखोर आहे म्हण, माझी हरकत नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही. पण डोळ्याचं म्हणू नकोस. मला अजून थोडं खेळायचंय. मला दुसरं काही येत नाही ग. तू ऑफिस चालवतेस, उद्या दुसरं ऑफिस चालवशील. मला चेंडूला मारता येतं. एवढंच येतं." तो 'ग' ऐकून तिनं कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. "कुणाला सांगणार आहेस?" त्यानं विचारलं. "कुणालाच नाही," ती म्हणाली. तो शब्द तोंडातून निघाला, टेबलावर पडला, आणि आता तो उचलून परत घेता येण्यासारखा नव्हता.

होलिस व्हॅनडरमीर यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "बाल्देरा," ते म्हणाले. "बरं. कारण?"

"वय. गुडघा पूर्ण बरा आहे. पाच वर्षांचा विचार केला तर—"

"ही कारणं मला पेपरवालेही देतील. तुझं कारण सांग."

"माझं हेच आहे."

"माझ्या वडिलांनी हा क्लब घेतला तेव्हापासून मी इथे खोटं बोलणारी माणसं बघत आलोय," ते जराही आवाज न चढवता म्हणाले. "तू त्यांच्यासारखी वाटत नाहीस, पण आत्ता काहीतरी गिळते आहेस. गीळ. निर्णय तुझा. बाल्देरा चालला नाही तर हिशेबही तुझ्याशीच." एलायस तिथेच बसला होता. तो तिच्याकडे असा बघत होता की जणू एखाद्या बेरजेत मधलीच ओळ कोणी पुसून टाकली आहे.

शहर चिडलं. कुणीतरी तिच्या गाडीवर गोठलेल्या बर्फाचं ढेकूळ मारून मागची काच फोडली. आई ईस्टरपर्यंत थांबली नाही. नाताळलाच तिनं फोन उचलायचं बंद केलं. डेझनं दक्षिणेतल्या एका क्लबाशी करार केला, तिथल्या डॉक्टरांनी त्याला तक्ता वाचायला लावला असेल, त्यानं वाचला असेल. कॉरिनला वाटलं होतं की एकदा ठरलं की ही छातीतली धडधड थांबेल. ठरवण्याची भीती संपेल आणि परिणामांची सुरू होईल, पण ती तरी ओळखीची असेल. तसं झालं नाही. मोसम सुरू झाला आणि ती डेझचे सामने बघायला लागली. दुपारी ऑफिसात, दार लावून, आवाज बंद करून. तो बॅट घेऊन आला की ती खुर्चीच्या कडेला सरकायची. पिचरचा हात मागे गेला की तिचा श्वास थांबायचा, चेंडू मागे झेलणाऱ्याच्या हातात पोचला की सुटायचा. प्रत्येक चेंडूला. एखादा चेंडू आत आला आणि डेझ क्षणभर उशिरा, अगदी क्षणभर, मागे झुकला की तिच्या स्वतःच्या डाव्या गालाला मुंग्या यायच्या. ती नकळत तिथे हात न्यायची. स्वतःच्या संघात बाल्देरा रोज हात हलवत परत येत होता, प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते, तो त्यांना स्पॅनिशमध्ये काहीतरी ऐकवत होता; ते सगळं तिच्या अंगावरून पाण्यासारखं वाहून जाई. तिला डेझच्या तोंडाखेरीज काही दिसत नसे. आपण गप्प राहून त्याचा मान राखला की त्याच्या डोक्यावर लोखंड टांगून ठेवलं? ऑगी निदान रोज खाली उभा राहत असे. लोखंड पडलं असतं तर आधी त्याच्यावर पडलं असतं.

मे महिन्यात डेझचा नवा संघ बफेलोला आला. सामना रविवारी दुपारी होता. त्या सकाळी एलायस तिच्या खोलीत आला, बसला नाही. "टॉलिव्हरसाठी काय करायचं ते पिचरला सांगायचंय," तो म्हणाला. "एक गोष्ट सापडलीय. गेल्या वर्षी जूनपासून, नीट बघितलं तर, आत आणि वर टाकलेला चेंडू त्याला कळत नाही. सप्टेंबरात त्याला कोणी तिथे टाकलाच नाही म्हणून तो चमकला. का कळत नाही माहीत नाही. पण कळत नाही. आज पहिल्यापासून आत टाकू."

"नाही," कॉरिन म्हणाली.

"म्हणजे?"

"आत टाकायचा नाही. एकही."

"कॉरिन, आपण गेल्या दहा सामन्यांत सात हरलोय. तुमची खुर्ची—"

"बाहेर टाका. त्यानं मारला तर मारू दे."

"पण कारण काय सांगू पिचरला?"

"मी सांगितलंय म्हणून सांग."

एलायस दाढी खाजवत उभा राहिला. मग त्याचा हात थांबला. ती बघत होती आणि तिला दिसत होतं, पुसलेली ओळ त्याच्या डोक्यात पुन्हा उमटत होती: जून, उघडी छाती, बाल्देरा, गिळलेलं वाक्य. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला नोव्हेंबरातच माहीत होतं." तिनं त्याची नजर टाळली नाही. "हे मला सापडलं म्हणजे बाकीच्यांनाही सापडणार," तो म्हणाला. "महिनाभरात. माझ्यासारखे प्रत्येक क्लबात आहेत. ते बाहेर टाकायला सांगणार नाहीत." तो गेल्यावर तिनं बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, आणि आरशात न बघता पुसलं.

डेझ मैदानावर आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. प्रतिस्पर्ध्याच्या कपड्यांतला माणूस, आणि लोक त्याच्यासाठी रडत होते. त्यानं टोपी काढली, आधी उजवीकडे, मग पूर्ण वळून डावीकडे. पहिला चेंडू बाहेर. दुसरा बाहेर. तिसऱ्याला त्यानं बॅट लावली आणि आवाजावरूनच कळलं; चेंडू उजव्या भिंतीवरून पार्किंगात गेला. आपल्याच संघाविरुद्ध मारलेल्या होमरनला बफेलो नाचत होतं. पुढच्या वेळी पुन्हा बाहेर, आणि पुन्हा भिंतीपलीकडे. या वेळी धावताना डेझ हसत नव्हता. दुसऱ्या बेसवरून वळताना त्यानं वर, क्लबच्या खोल्यांकडे, बघितलं. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं, पण कॉरिन काचेपासून मागे सरली. बऱ्याच महिन्यांनी तिला श्वास पुरता घेता येत होता. आणि तेवढ्यातच तिला कळलं होतं की आपण पुन्हा काहीतरी चुकीचं केलं आहे.

सामना हरल्यावर ती खाली पाहुण्यांच्या ड्रेसिंगरूमकडच्या बोळात गेली. डेझ आंघोळ करून, शर्टाची बटणं लावत, एकटाच बाहेर आला. तिला बघून थांबला.

"एकही आत आला नाही," तो म्हणाला.

"नाही."

"अख्खा सामना. मी काय बाळ आहे? लाडू भरवतात तसे चेंडू भरवलेस मला माझ्याच लोकांसमोर." त्याचा आवाज चढला नव्हता. "दोन होमरन. रेनितानं फोन केला रडत. काय सांगू तिला? कॉरिनबाईंनी वाढले म्हणून?"

"चेंडू बाहेर टाकले, पण मारलेस तूच."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. आकड्यांत दिसलं. आज सकाळी एलायस घेऊन आला. मी नुसतं त्याला थांबवलं." तिनं भिंतीला पाठ टेकवली. "मी एका सामन्यापुरतं थांबवू शकते, डेझ. पुढच्या आठवड्यात तू दुसऱ्या गावी असशील. तिथेही असा कुणीतरी असेल. ते आत टाकतील. ते वाईट आहेत म्हणून नाही, त्यांना माहीत नसेल म्हणून. मी रोज बघते. प्रत्येक चेंडू बघते. मला आता ते होत नाही."

बोळाच्या टोकाला कुणीतरी कचऱ्याचे डबे ओढत नेत होतं. "गेल्या मंगळवारी," तो अखेर म्हणाला, "एक आला. हेल्मेटच्या कडेला घासून गेला. लोकांना वाटलं मी चपळाईनं वाकलो. मी वाकलो नव्हतो, बॉस. बुटाची नाडी सुटल्यासारखी वाटली म्हणून खाली बघत होतो." तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावरच मोडलं. त्यानं दोन्ही तळहातांनी डोळे दाबले. "पडदा मध्यावर आलाय," तो म्हणाला. "रेनितालाही सांगितलं नाही."

धीराचं बोलावं, माफी मागावी, हात धरावा. सगळं तिच्या मनात आलं आणि सगळं खोटं वाटलं. ती तिथेच उभी राहिली. शेवटी डेझनं डोळ्यांवरून हात काढले, राहिलेलं बटण लावलं, आणि ड्रेसिंगरूमच्या शेजारच्या, त्याच्या प्रशिक्षकाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "ते आत आहेत," तो म्हणाला. "आज खूष आहेत माझ्यावर. आजच सांगितलेलं बरं." तो गेला. दार वाजवलं. "या, या, आजचे राजे!" असं आतून कोणीतरी म्हणालं. डेझ म्हणाला, "बसा जरा. एक सांगायचंय." दार लागलं. यापुढचं ऐकण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटून ती उलट दिशेनं चालू लागली, आणि वाट नेईल तिकडे जाता जाता खेळाडूंच्या फाटकातून बाहेर उन्हात आली.

बाहेर पन्नासेक माणसं कठड्याला टेकून उभी होती, जुने शर्ट घालून, खांद्यावर पोरं घेऊन, त्याच्या नावानं गाणी म्हणत. तिला बघून गाणं थांबलं. एक जाडसर माणूस पुढे झाला. "तूच ना ती?" तो म्हणाला. "तूच त्याला घालवलंस. आज बघितलंस ना डोळ्यांनी, काय घालवलंस ते?"

"बघितलं," कॉरिन म्हणाली.

त्याला भांडण हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून तो गोंधळला. मागून एका बाईनं विचारलं, "तो बाहेर येणार आहे ना पण? आम्ही मघापासून थांबलोय."

"येईल," ती म्हणाली. "थोडा वेळ लागेल." आणि गाडीकडे न जाता ती त्यांच्यातच, कठड्याशी, जागा करून उभी राहिली.